सॉल्टेअरचं चर्च उभं आहे, संडे स्कूल कुठे गेलं?

आयरकाठ

इंग्लंडात ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर या गिरणीगावाला जाऊन आलेल्यांचे धागे इथे अधूनमधून येतात. मिल, चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं, कालवा, आणि शेवटी त्या गोल मनोऱ्याच्या चर्चचा एक फोटो. फोटो छानच असतात. पण त्या चर्चच्या इतिहासातली निम्मी गोष्ट फोटोत येत नाही, कारण ती इमारतच आता नाही. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. टायटस सॉल्ट (१८०३-१८७६) हा ब्रॅडफर्डचा लोकरीचा कारखानदार. दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचं काय करायचं हे इंग्लंडात फारसं कुणाला कळत नव्हतं, तेव्हा त्याने तिच्यापासून चकचकीत कापड काढलं आणि अमाप पैसा मिळवला. १८४० च्या दशकातलं ब्रॅडफर्ड धुराने, पटकीने आणि सांडपाण्याने गांजलेलं होतं. सॉल्ट तिथला महापौरही होता. शहरातल्या विखुरलेल्या गिरण्या बंद करून त्याने आयर नदीकाठी एकच प्रचंड मिल बांधली. २० सप्टेंबर १८५३ ला, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिचं उद्घाटन केलं. मग मिलभोवती कामगारांचं गाव वसवलं: सुमारे साडेआठशे घरं, रस्त्यांना मुलाबाळांची नावं, आणि लॉकवुड व मॉसन या वास्तुकारांच्या नावाचेही दोन रस्ते.

त्या गावातल्या सार्वजनिक इमारतींचा क्रम बघा. भोजनगृह मिलच्याच कामासाठी होतं. ते सोडलं तर पहिला मान चर्चचा. २७ सप्टेंबर १८५६ ला सॉल्टची पत्नी कॅरोलाइन हिच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १३ एप्रिल १८५९ ला चर्च उपासनेसाठी उघडलं. खर्च सुमारे १६,००० पौंड. त्यानंतर न्हाणीघरं आणि धुण्याची जागा (१८६३), मग १८६८ च्या आसपास शाळा, दवाखाना आणि वृद्धांसाठी घरं, पुढे १८७१ मध्ये इन्स्टिट्यूट आणि नदीपलीकडची बाग. आणि सगळ्यात शेवटी संडे स्कूल.

त्या संडे स्कूलचा पायाचा दगड १ मे १८७५ ला सॉल्टच्या दोन नातवांनी बसवला, गॉर्डन आणि हॅरल्ड. इमारत ३० मे १८७६ ला उघडली. जवळपास ८०० मुलांची सोय आणि खर्च सुमारे १०,००० पौंड. म्हणजे ज्या चर्चकडे बघायला आज लोक देशोदेशींहून येतात, त्याच्या खर्चाच्या निम्म्याहून बरीच जास्त रक्कम या माणसाने मुलांच्या रविवारच्या शाळेवर घातली. तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता, तब्येत ढासळत होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला तो गेला. गावाला त्याने दिलेली ही शेवटची इमारत. ब्रॅडफर्डहून अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा लाखभर माणूस उभा होता असं त्या काळच्या वृत्तांत आहे. चर्चला लागून बांधलेल्या कौटुंबिक समाधीगृहात त्याला ठेवलं.

चर्च आज प्रथम श्रेणीचा संरक्षित वारसा आहे, गाव २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संडे स्कूल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाडलं. आज कॅरोलाइन स्ट्रीटजवळ त्या जागी गाड्या लावतात. बहुतेक पर्यटक आपली गाडी तिथेच लावून चर्च बघायला चालत जातात.

माझं म्हणणं सरळ आहे. हे चर्च म्हणजे खरं तर चॅपेल, चर्च ऑफ इंग्लंड या सरकारी चर्चबाहेरच्या नॉनकन्फर्मिस्ट पंथांचं प्रार्थनास्थळ. चॅपेलचा इतिहास आपण दात्याचा आणि दगडकामाचा इतिहास म्हणून सांगतो. पण आठवड्यातून तासदोन तास प्रवचन ऐकण्यापलीकडे त्या मंडळींचं जे आयुष्य होतं, म्हणजे मुलांचं वाचन, गाणी, वार्षिक सण, चहापान, बचतगट, तरुणांची मंडळं, ते सगळं संडे स्कूलच्या इमारतीत घडायचं. ती पाडली की चर्च उरतं, पण त्याचं चॅपेलपण कळेनासं होतं. सॉल्टेअर हे याचं ठळक उदाहरण आहे, म्हणून ते घेतलं. यॉर्कशर, लँकेशर, वेल्समध्ये राहणाऱ्यांनी आपापल्या भागातलंही लिहावं.

मृणाल_लीड्स

फार सुंदर लिहिलंय. मी तिथे चारपाच वेळा तरी गेले असेन, आणि गाडी तिथेच लावली आहे. एक मूलभूत प्रश्न: हे चर्च ऑफ इंग्लंडचं नाही ना? नॉनकन्फर्मिस्ट म्हणजे नेमकं कोण, आणि त्यांना वेगळी देवळं का बांधावी लागली?

जुनेपुराणे

मृणाल, याचं मूळ १६६२ मध्ये आहे. दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात कायदा झाला की प्रत्येक पाळकाने सरकारमान्य प्रार्थनापुस्तक पूर्णपणे स्वीकारायचं आणि बिशपकडून दीक्षा घेतलेली असायची. सुमारे दोन हजार पाळकांना हे पटलं नाही, त्यांना पदावरून हाकललं. पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन कायदे आले. एकाने घरच्या माणसांखेरीज पाचहून जास्त जणांनी अशा उपासनेला जमणं गुन्हा ठरवलं. दुसऱ्याने हाकललेल्या पाळकांना शहरापासून पाच मैलांच्या आत राहायला बंदी केली. लोक कोठारांत, रानात, कुणाच्या माजघरात जमायचे. जॉन बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढली ती परवानगीशिवाय प्रवचन केल्याबद्दलच.

१६८९ च्या कायद्याने उपासनेची मुभा मिळाली, पण नागरिक म्हणून ही माणसं दुय्यमच राहिली. नगरपालिकेत आणि सरकारी पदांवर यायला १८२८ पर्यंत कायद्याची अडचण होती. लग्न १८३७ पर्यंत सरकारी चर्चमध्येच लावावं लागे (क्वेकर आणि ज्यू लोकांना सूट होती). ज्या चर्चला आपण जात नाही त्याच्या डागडुजीची पट्टी १८६८ पर्यंत सक्तीची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज तर १८७१ मध्ये कुठे पूर्णपणे खुली झाली.

काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, क्वेकर, प्रेस्बिटेरियन, नंतर मेथडिस्ट, हे सगळे या एका छत्रीखाली येतात. ३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने देशभरातल्या उपासनांची शिरगणती केली, तेव्हा हजर असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक सरकारी चर्चबाहेरचे निघाले. मोठाच धक्का होता तो. आणि ब्रॅडफर्ड म्हणजे या मंडळींचा बालेकिल्ला. राज्य आणि चर्च वेगळे करा म्हणून आयुष्यभर झगडलेला एडवर्ड मायल १८६९ मध्ये ब्रॅडफर्डचाच खासदार झाला. सॉल्ट जिथे जायचा ते ब्रॅडफर्डचं हॉर्टन लेन चॅपेल तर शहराच्या महापौरांचंच चॅपेल म्हणावं असं होतं.

वास्तुवेडा

आयरकाठ, क्रम मांडलात ते उत्तम केलंत. इमारतींच्या अंगाने थोडी भर घालतो.

सुरुवातीची चॅपेलं मुद्दाम नजरेत न भरणारी. गल्लीच्या आत, घरासारखी दिसणारी, साधी चौकोनी. सॉल्टेअरपासून फार लांब नसलेल्या हेप्टनस्टॉलला १७६४ चं अष्टकोनी मेथडिस्ट चॅपेल अजून वापरात आहे, ते जरूर बघा. अष्टकोन का? कारण सगळ्यांना उपदेशक दिसावा आणि ऐकू यावा. यांच्या उपासनेत केंद्र वेदी नसून शब्द. त्यामुळे पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, मधोमध, तिन्ही बाजूंना सज्जे, बाकं त्याच्याकडे तोंड करून. सभागृहच ते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या लोकांकडे पैसा आला, हक्क आले, आणि मग रस्त्यावर ताठ उभं राहायची हौस आली. सॉल्टेअरचं चर्च त्या क्षणाचं आहे. इटालियन धाटणी, समोर कोरिंथियन खांबांचा अर्धवर्तुळाकार मंडप, वर गोल मनोरा. आणि जागा बघा, मिलच्या कचेरीच्या दारासमोर, अगदी एका रेषेत. मालक कचेरीतून बाहेर पडला की समोर देवघर.

आत गेलात तर भिंतीलगतच्या खांबांवरून हात फिरवा. संगमरवरासारखे दिसतात, पण तो घोटलेला रंगीत गिलावा आहे. स्कॅग्लिओला म्हणतात त्याला. छताला टांगलेली दोन मोठी काचेची झुंबरं. प्रवेशाच्या दालनात सॉल्टचा अर्धपुतळा आहे, १८५६ मध्ये कामगारांनी वर्गणी काढून भेट दिलेला. कोरणारा टॉमस मिल्न्स. त्याच शिल्पकाराचे चार दगडी सिंह वर इन्स्टिट्यूट आणि शाळेसमोर बसले आहेत.

संडे स्कूलच्या इमारतींचा मात्र एक वेगळाच घाट होता, आणि त्याची नोंद वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत फार कमी सापडते. मधे उंच छताचं मोठं दालन, एका टोकाला मंच, भोवती छोट्या छोट्या वर्गखोल्या. सुरुवातीला सगळे एकत्र बसून गाणं-प्रार्थना करणार, मग वयानुसार वर्गांत पांगणार, शेवटी पुन्हा दालनात. अगदी लहानग्यांना वेगळी खोली, पायऱ्यापायऱ्यांची बाकं. मुलांना आणि मुलींना वेगळी दारं. तळात स्वयंपाकघर, कारण वार्षिक चहापानाला शेकडो माणसं. चांगल्या दर्जाची सभागृहं होती ती. कित्येक गावांत नाटक, गायन, व्याख्यानं, शिवणकामाचे वर्ग या सगळ्याला दुसरी जागाच नसे.

शेवंता

संडे स्कूल म्हटलं की आपल्याला बायबलच्या गोष्टी आणि चित्रं रंगवणं आठवतं. त्या काळी ही खरोखरच शाळा होती हे लक्षात ठेवायला हवं. आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात जाणारं पोर शिकणार कधी? रविवारी. म्हणून रविवार.

ग्लॉस्टरचा वृत्तपत्रवाला रॉबर्ट रेक्स याने १७८० मध्ये सुरू केलेल्या शाळेचं नाव सगळे घेतात. त्याच्याही अकरा वर्षं आधी हाय विकमला हॅना बॉल नावाच्या मेथडिस्ट बाईने असा वर्ग सुरू केला होता, तिचं नाव घेणारे कमी. रेक्सकडे स्वतःचं वर्तमानपत्र होतं, म्हणून कल्पना देशभर गेली. स्टॉकपोर्टला १७८४ मध्ये सुरू झालेली शाळा तर इतकी वाढली की १८०५ मध्ये तिच्यासाठी गिरणीएवढी इमारत बांधावी लागली. जगातली सगळ्यात मोठी संडे स्कूल ती. तीही गेली, १९७० च्या आसपासच. या दोन्ही इमारती एकाच सुमारास पडल्या हा योगायोग नव्हे, पुढे कुणीतरी त्याबद्दल लिहावं.

एक वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. रविवारी वाचायला शिकवणं ठीक, कारण शास्त्र वाचता यायला हवं. पण लिहायला शिकवणं म्हणजे विश्रामदिनी ऐहिक काम, असं बऱ्याच पाळकांचं मत होतं. वेस्लियन मेथडिस्टांच्या नेत्यांनी, त्यात जेबेझ बंटिंग पुढे, लेखन बंद करायला लावलं. पालकांना आणि शिक्षकांना ते अजिबात मान्य नव्हतं. गावोगावी भांडणं झाली, शाळा चर्चपासून फुटून निघाल्या. कामगार कुटुंबांना अक्षरं का हवी होती हे त्या भांडणांतून दिसतं. त्यांना लिहायचं होतं, हिशेब ठेवायचा होता. कुणी हातात भिक्षा म्हणून ठेवलेलं शिक्षण नव्हतं ते. बहुतेक शिक्षकही त्याच गल्लीतले, त्याच गिरणीत काम करणारे, बिनपगारी.

गिरणगाव

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेवाले होते, त्यामुळे हा धागा एका बैठकीत वाचून काढला. पण मला काही प्रश्न आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. घर मालकाचं, शाळा मालकाची, दवाखाना मालकाचा, देऊळही मालकाचंच. गावात दारूचं दुकान नको हाही त्याचाच निर्णय. मग त्या कामगाराला मालकाच्या चर्चला जायचं नाही असं म्हणता येत होतं का? नोकरी गेली की घर जाणार. आणि १८७६ मध्ये या संडे स्कूलला येणारी मुलं आदल्या दिवशी त्याच मिलमध्ये काम करत होती ना? मग ८०० मुलांच्या सोयीचं कौतुक करताना ही मुलं कामावर का होती हेही लिहायला हवं.

आयरकाठ

गिरणगाव, तुमचे प्रश्न रास्त आहेत आणि मी ते टाळणार नाही.

मुलं कामावर होती, हो. १८४४ च्या कायद्यापासून कापडगिरण्यांत अर्धवेळ पद्धत होती: अर्धा दिवस यंत्रावर, अर्धा दिवस शाळेत. सुरुवातीला वयाची अट आठ वर्षांची होती, १८७४ च्या कायद्याने ती दहापर्यंत नेली. ही पद्धत पूर्ण बंद व्हायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. सॉल्टेअरच्या शाळेत बसणारी कितीतरी मुलं याच अर्धवेळवाल्यांपैकी. सकाळी पाचसाडेपाचला उठून यंत्राचे धागे सांधलेलं मूल दुपारी फळ्यासमोर डोळे उघडे ठेवून कसं बसत असेल, हा विचार मलाही सोडत नाही.

पण हजेरीची सक्ती होती असं मात्र चित्र नाही. सॉल्ट काँग्रिगेशनल होता, गाव तसं नव्हतं. वेस्लियन मेथडिस्टांना त्याने सॉल्टेअर रोडवर चॅपेलसाठी जागा दिली आणि १८६८ मध्ये त्यांचं चॅपेल उभं राहिलं. घरभाडं भरणाऱ्याने कुठल्या पंथाचं असावं अशी अट नव्हती. नॉनकन्फर्मिस्ट माणसाला ती घालणं शोभलंही नसतं, कारण सरकारी चर्चची पट्टी सक्तीने भरण्याविरुद्ध यांची दोनशे वर्षांची तक्रार होती.

तरी तुमचा मूळ मुद्दा उरतोच. मालकाने दिलेलं चॅपेल आणि मंडळींनी आणाआणा जमवून बांधलेलं चॅपेल यांत फरक आहे. काँग्रिगेशनल पंथाचा गाभाच असा की प्रत्येक मंडळी, म्हणजे एका चर्चच्या उपासकांचा समुदाय, स्वतंत्र, आपला पाळक आपण निवडणार, वर बिशप नाही. अशा पंथाचं देऊळ एका माणसाने सोळा हजार पौंडांत बांधून द्यावं, आणि प्रवेशाच्या वर त्याच्या कुटुंबासाठी सज्जा असावा, यात ताण आहे. म्हणूनच मला संडे स्कूल जवळचं वाटतं. पैसा तिथेही सॉल्टचाच, पण दर रविवारी ते चालवणारे हात गावाचे होते. पावणेआठला येऊन शेगडी पेटवणारा, हजेरी घेणारा, पेटीवर गाणं बसवणारी, बक्षिसाची पुस्तकं मोजणारी, ही सगळी मिलमधली माणसं. तरुण कामगाराला सभेत उभं राहून बोलणं, हिशेब मांडणं, मतदान घेणं हे सगळं जिथे जमायला लागलं ती जागा ही. ब्रॅडफर्डला १८९३ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. त्या पिढीतल्या पुष्कळ कार्यकर्त्यांचा आवाज चॅपेलांत आणि संडे स्कूलांतच तयार झाला होता.

गिरणगाव

हे उत्तर पटलं. सज्ज्याची गोष्ट सांगितलीत ते बरं केलंत.

जुनेपुराणे

आणखी एक कोडं आहे, ते उलगडल्याशिवाय १८७६ ही तारीख नीट कळत नाही. सॉल्टेअरमध्ये १८६८ पासून चांगली दिवसाची शाळा होती. शिवाय १८७० मध्ये शिक्षण कायदा झाला, तो आणणारा मंत्री विल्यम फॉर्स्टर हा पुन्हा ब्रॅडफर्डचाच खासदार. म्हणजे वाचायला शिकवण्यासाठी संडे स्कूलची गरज उरली नव्हती. मग दहा हजार पौंडांची इमारत का?

उत्तर त्या कायद्यातच आहे. नव्या सरकारी मंडळांच्या शाळांत कुठल्याही एका पंथाची धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी शिकवायला बंदी झाली. दुसरीकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांना सरकारी मदत चालू राहिली, त्यामुळे नॉनकन्फर्मिस्ट फॉर्स्टरवर भयंकर चिडले होते. स्वतःच्या मतदारसंघातले लोक त्याच्या विरोधात गेले. या सगळ्यातून चॅपेलांनी धडा घेतला: अक्षरं दिवसाच्या शाळेत, श्रद्धा आपण आपल्या पैशाने, आपल्या इमारतीत शिकवू. इंग्लंडभर मोठमोठ्या संडे स्कूल इमारती १८७० नंतरच उठल्या त्या यामुळे. मग त्यांत वाचनालय, क्रिकेटचा संघ, दारूबंदीचं मंडळ, सहली हे सगळं आलं. उत्तर इंग्लंडात व्हिटसनच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या) सणाला संडे स्कूलांच्या मिरवणुका निघत, मुलं नव्या कपड्यांत, पुढे झेंडा आणि बँड. वर्षभरात नवा कपडा मिळायचा तो याच दिवशी, असं कितीतरी घरांत होतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटनमधल्या संडे स्कूलांच्या पटावर सुमारे ६० लाख मुलं होती. तो कळस. त्यानंतर उतरण.

शिरीष_नगर

मी नगरचा, आमचं घराणं तीन पिढ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. हा धागा वाचताना काही गोष्टी अगदी घरच्या वाटल्या, कारण तो मिशनही काँग्रिगेशनलच. त्यांचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला. मंडळीने आपला पाळक निवडायचा, मंडळीने आपला खर्च उचलायचा, ही रीत आमच्याकडे तिथूनच आली.

संडे स्कूलला आमच्याकडे जुनी माणसं शब्बाथशाळा म्हणायची. आजीच्या तोंडी तोच शब्द. मुलांसाठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ मासिक काढलं, म्हणजे सॉल्टेअरची इमारत उठायच्या तीनच वर्षं आधी. नारायण वामन टिळकांची गीतं आम्ही शब्बाथशाळेतच पाठ केली, छापील पुस्तक हातात यायच्या कितीतरी आधी.

इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळींचा थेट धागा मात्र बेळगावशी आहे. त्यांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावला काम सुरू केलं. या सोसायटीला पैसा यायचा त्यात संडे स्कूलच्या मुलांचे पेनी फार मोठे. १८४४ मध्ये दक्षिण समुद्रातल्या बेटांसाठी ‘जॉन विल्यम्स’ नावाचं जहाज निघालं ते मुलांनी जमवलेल्या पैशांतून. गिरणीत अर्धा दिवस राबणाऱ्या पोराने डब्यात टाकलेला पेनी कुठल्या कुठे पोचत होता बघा.

आणखी एक. आमच्या मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला झालेल्या ऐक्यातून उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये गेल्या. इंग्लंडचे काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन १९७२ मध्ये एकत्र आले आणि युनायटेड रिफॉर्म्ड चर्च झालं. सॉल्टेअरच्या चर्चवर आज तेच नाव आहे.

शेवंता

शिरीषदादा, पेनीची गोष्ट मला माहीत नव्हती. आभार.

वास्तुवेडा

इमारती का पडल्या याचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून लिहितो. मंडळी घटली हे झालंच. पण तेवढंच नाही. मंडळीकडे दोन इमारती असतात, चॅपेल आणि संडे स्कूल. छप्पर दोघांचं गळतंय, पैसा एकाच्याच डागडुजीपुरता आहे. कुठली राखणार? उपासनेची जागा कुणी सोडत नाही. मग संडे स्कूल विकतात किंवा पाडतात, आणि लहान मुलांचा वर्ग चॅपेलच्या मागच्या खोलीत आणतात. १९६०-७० च्या दशकांत व्हिक्टोरियन इमारतींना काळवंडलेलं ओझं समजत होते. लिस्टिंगमध्ये, म्हणजे संरक्षित वारशाच्या यादीत, चर्चला झुकतं माप मिळायचं, त्याच्या शेजारच्या शाळेकडे कोण बघणार? सॉल्टेअर रोडवरचं वेस्लियन चॅपेलही त्याच काळात गेलं, त्या जागी छोटी नवी इमारत आली. दहा-पंधरा वर्षं कळ काढली असती तर १९८७ मध्ये मिल विकत घेऊन उद्योजक जोनाथन सिल्व्हरने जे पुनरुज्जीवन केलं त्यात या इमारतीलाही काम मिळालं असतं, असं मला मनापासून वाटतं. ८०० जणांचं सभागृह गावाला आज हवंच आहे.

मृणाल_लीड्स

आता माझाच स्वार्थ. आमच्या घराजवळ एक जुनी संडे स्कूल आहे, हल्ली तिथे गालिच्यांचं दुकान आहे. आज मुद्दाम जवळ जाऊन बघितलं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ओळीने सहा दगड आहेत, प्रत्येकावर वेगळं नाव आणि एकच तारीख, जुलै १८८१. एकावर नाव नाही, फक्त ‘शाळेच्या विद्यार्थ्यांतर्फे’ अशा अर्थाची ओळ आहे. पायाचा दगड एक असतो ना? सहा कसे? आणि याचा इतिहास शोधायचा तर कुठून सुरुवात करू?

आयरकाठ

मृणाल, ते दगड म्हणजे वर्गणीची पावतीच आहे! ज्याने ठरावीक रक्कम दिली त्याला एक दगड बसवायचा मान. विद्यार्थ्यांचा दगड असेल तर मुलांनी पेनीपेनीने ती रक्कम जमवली. सॉल्टेअरला एका कुटुंबाने सगळं दिलं, तुझ्याकडे सहा हातांनी. सगळ्या दगडांचे सरळ समोरून फोटो घे, तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरंही वाचता येतात.

सुरुवात नकाशापासून कर. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने मोठ्या प्रमाणावरचे नकाशे बघ, त्यांत चॅपेल कुठल्या पंथाचं हे छापलेलं असतं, बरेचदा किती जणांच्या बसण्याची सोय तेसुद्धा. पंथ कळला की अर्धं काम झालं. मग वेस्ट यॉर्कशर अर्काइव्हमध्ये त्या पंथाच्या नोंदी माग: विश्वस्तांचं दस्त, सभांचं इतिवृत्त, संडे स्कूलचे हजेरीपट, वार्षिक उत्सवाची छापील गाण्यांची पत्रकं. चॅपेल १८३७ च्या आधीचं असेल तर जन्म-बाप्तिस्म्याच्या वह्या लंडनला राष्ट्रीय अभिलेखागारात असतील, कारण तेव्हा सरकारने त्या मागवून घेतल्या होत्या. १८५१ च्या शिरगणतीचे कागदही तिथेच, त्यात संडे स्कूलची हजेरी वेगळ्या रकान्यात आहे.

जुनेपुराणे

जुलै १८८१ ची स्थानिक वर्तमानपत्रं नक्की बघ. दगड बसवण्याचा समारंभ ही तेव्हा मोठी बातमी असे. कोण बोललं, किती जमले, कर्ज किती उरलं, चहाला किती माणसं होती, सगळं स्तंभ भरभरून छापायचे. आणि दुकानाच्या मालकाला विचारून वरच्या मजल्यावर जाता आलं तर छत बघ. खोट्या पांढऱ्या छताच्या वर जुन्या लाकडी कैच्या बहुतेक तशाच असतात.

मृणाल_लीड्स

मालक ओळखीचे आहेत, शनिवारी विचारते. दगडांचे फोटो उद्या इथेच टाकते. दोन नावं झिजली आहेत, सगळ्यांनी मिळून वाचायला मदत करा.